आठशे तीस

“किती झालं, चाचा?” रविराजनं विचारलं.

हैदरचाचा भट्टीच्या दाराशी वाकले. आत ट्रॉलीच्या हुकाच्या पिना लालबुंद झाल्या होत्या. त्यांनी मान वळवली, गमछ्यानं डोळे पुसले.

“आठशे तीस.”

शेजारच्या खांबावर रविराजनं बनवलेला डबा टांगला होता. भट्टीत खुपसलेल्या थर्मोकपलची, म्हणजे उष्णता मोजणाऱ्या सळईची, तार त्यात जात होती आणि आतला मायक्रोकंट्रोलर तापमान मोठ्या लाल आकड्यांत दाखवत होता. आठशे तीसच. रविराजनं वहीत टिपलं. पंधरा दिवस हेच चाललं होतं, चाचांच्या आणि डब्याच्या आकड्यात एकदाही फरक नाही.

खरं तर डबा पुण्याला नेऊन तपासून आणायला हवा होता. पण बारामतीच्या त्या वर्कशॉपात चाचांच्या नजरेपेक्षा मोठं माप कुणी मानत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं ते भट्टीचा रंग बघून तापमान सांगत आले होते.

दोन वर्षांपूर्वीपासून त्यांची बायको सितारा रोज कन्हेरीच्या घरून जेवण घेऊन यायची आणि पिना निघेपर्यंत त्यांना खेटून बसायची. कामगार चेष्टा करायचे, “चाची, म्हाताऱ्याला कोण पळवून नेतंय व्हय?” ती नुसती हसायची.

दिवाळीनंतर ती गेली. चौथ्या दिवशी चाचा कामावर हजर. रडले नाहीत. त्याच महिन्यात पिना पुरेशा न तापता निघाल्या, कच्च्या राहिल्या. निरवांगीच्या चढावर एक पिन वाकली आणि उसानं भरलेली ट्रॉली सुटली. मागचा सायकलवाला थोडक्यात वाचला. म्हणूनच मालक बापूसाहेबांनी डबा बनवून घेतला होता.

आज त्यांनी वही चाळली.

“डबा पास! लावा माल निरवांगीला. चाचा, तुमीच पास केला बगा त्येला. आता घरी बसा, लई राबलात.”

चाचांनी मान हलवली. रविराजला आनंद व्हायला हवा होता, पण काहीच वाटेना. ज्या माणसानं डब्याची साक्ष दिली, त्याचीच भाकरी डब्यानं काढून घेतली होती.

पिनांचा टेम्पो फाटकाबाहेर पडला. रविराज चाचांना सोडायला एसटी स्टँडवर गेला.

“माफ करा, चाचा. तुमची नजर नसती तर माझा डबा कुणी मानला नसता.”

कन्हेरीची गाडी लागली, तरी चाचा बाकावरून उठले नाहीत.

“दोन वर्षं झाली रविराज, मला रंग कळत न्हाय,” ते सपाट आवाजात म्हणाले. “सितारा बगायची, हळूच रंग सांगायची. ती गेली न् मी अंदाजानं पिना काढाय लागलो. मग तुजा डबा आला. त्याच्यावरचाच आकडा तुला सांगत आलो.”