ऑईल प्रेशरचा काटा

वैजयंताच्या दुकानात रमजानचाचा तासभर मीटर न्याहाळत होते. डिझेल पिकअपला कोणता बसवावा, ठरत नव्हतं. तीस वर्षं इंजिनाचा आवाज ऐकतच ते घाट चढले होते. यंदा ऐकू येईनासं झालं.

"चाचा, टेम्परेचरचा घ्या. सगळे तोच नेतात," वैजयंतानं खोक्यावर लिहून दाखवलं.

"इंजिन तापलं की मला वासानं कळतं, पोरी. ऑईलचं प्रेशर उतरलं की मात्र आवाज बदलायचा. ते दाखवणारा कुठला?"

तिनं तो बसवून गाडी चालू केली. काटा थरथरत चढला. चाचांनी ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. काटा पायाबरोबर वरखाली होऊ लागला.

"अगं, बोलतंय की!" ते इतक्या मोठ्यानं ओरडले, की रस्त्यावरची माणसं थबकली.