हॅचरीतला पहिला नियम

"जो तो हिच्याच नावाने खडे फोडतो. हिचा काय दोष?" केदार पुटपुटला आणि गुंगीच्या औषधाने सुस्तावलेली सॅमन मादी त्याने दोन्ही हातांवर तोलली, तान्ह्या मुलाला घ्यावं तशी.

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या या हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, अंड्यांवर येणारे मासे त्याच्याकडे असायचे. सांगलीहून आलेल्या वसुधाताईंना लेकाचं काम बघायचं होतं, म्हणून आश्लेषा सासूला घेऊन आली होती. दोघी मापाला मोठे रबरी बूट घालून अवघडून उभ्या होत्या.

"घाबरू नकोस बाई, झालंच हं," केदार माशाला म्हणाला. अंगठ्याने त्याने तिचं पोट वरून खाली अलगद दाबत नेलं. नारिंगी अंड्यांची धार बादलीत पडली.

त्या अंगठ्यावरून आश्लेषाची नजर हटेना. माशाचा हेवा करायची वेळ यावी माणसावर! इतक्या तपासण्या झाल्या, इतकी इंजेक्शनं झाली. एकदा तरी 'झालंच हं' म्हणाला होता हा? शेजारी बसून फोन बघायचा.

"अगंबाई, किती ही अंडी!" वसुधाताई बोलून गेल्या आणि चपापल्या. सुनेसमोर असला विषय काढायचा नाही, हे त्या कटाक्षाने पाळत. शतावरीचा डबा तेवढा न बोलता तिच्या उशाशी ठेवत.

"गेल्या वर्षीची सगळी पांढरी पडली, आई. एकानेही जीव धरला नाही. मॅनेजर म्हणाला, काढून टाका हिला. मी भांडलो."

भांडलो! दिवाळीत व्हिडिओ कॉलवर आत्याबाई 'सुनेचंच काहीतरी असणार' म्हणाल्या, तेव्हा हाच पाणी आणायला उठून गेला होता. आश्लेषाने त्या चंदेरी सवतीकडे नीट पाहून घेतलं.

"भांडलास म्हणजे काय केलंस?" तिने विचारलं.

"अगं, साधी गोष्ट. गेल्या वर्षी हिच्यासाठी वापरलेला नर धरून आणला आणि त्याचं वीर्य मायक्रोस्कोपखाली घातलं. दोन मिनिटांचं काम. दोष त्याचाच निघाला." आईसमोर तो शब्द तो सहज बोलून गेला. "नर न तपासता मादीला बोल लावायचा नाही. आमचा पहिला नियम आहे तो."

मादीला त्याने पाण्यात सोडलं आणि ती भानावर येईपर्यंत तिला हाताचा आधार देत वाकून राहिला.

आश्लेषा त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होती. केदारला डॉक्टरांनी दोनदा बोलावलं होतं. दोन्ही वेळा त्याने अपॉइंटमेंट कॅन्सल केली. एकदा हॅचरीत सीझन होता, एकदा नव्हता.

वसुधाताईंनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हातमोजे काढणाऱ्या लेकाकडे वळल्या.

"केदार, तुझं तपासलं का रे कोणी?"