आलंय तसं

सारंगच्या ओस्लोतल्या ओट्यावरचं यंत्र वाजलं. आईच्या फीडवर नवा पदार्थ आला होता. सांगलीत आई जे रांधायची ते तिची कढई टिपून पाठवायची आणि घटकाभरात यंत्र तेच करून सारंगच्या ताटात वाढायचं. आज अळूचं फदफदं होतं. पण नव्या अपडेटनंतर यंत्राने पहिल्यांदाच विचारलं, "नेहमीसारखं दुरुस्त करून वाढू, की आलंय तसं?"

सारंग चक्रावला. आईच्या स्वयंपाकाला कसली आलीय दुरुस्ती? त्याने "आलंय तसं" दाबलं.

पहिल्याच घासाला घसा खाजायला लागला. चिंच घातलीच नव्हती. मीठ मात्र तोंडात धरवेना. मग त्याने कालची आमटी आलीय तशी मागवली. ती म्हणजे नुसतंच फोडणीचं पाणी होतं.

त्याने घरी फोन लावला. बाबांनी उचलला.

"बाबा, आईच्या हातचं हे असं कधीपासून होतंय?"

"वर्ष होऊन गेलं असेल."

"अहो, मग डॉक्टरांना दाखवायचं नाही का? निदान मला सांगायचं!"

"तू रोज तिला फोनवर म्हणायचास, आज फक्कड झालंय. मला वाटलं, माझीच चव गेली. मी आपला जिभेची औषधं घेत बसलो."

मागून आईचा आवाज आला, "सारंग आहे ना? विचारा की त्याला, फदफदं कसं झालंय!"