मापाचा ब्लाउज

कन्हेरीचे संभाजी टेलर अलीकडं सगळंच विसरत चालले होते. पंचाहत्तर सालच्या आसपासचे दिवस तेवढे लख्ख आठवायचे, पण समोरच्या बायकोकडं ते परक्या बाईकडं बघावं तसं बघायचे.

शेवटी कौसल्याबाईंनी मनाशी घाट घातला. त्याच सुमारास, लग्नानंतर नवऱ्यानं हौसेनं शिवून दिलेला ब्लाउज जुन्या फोटोत होता. तो बघून, जन्मभर नुसती काजं-हूक करणारी ही बाई नवऱ्याच्या मशीनवर बसली. बारामतीची पेठ पालथी घालून तसलंच पोपटी कापड आणलं. फुग्याच्या बाह्या तीनदा उसवल्या, तीनदा जोडल्या.

ब्लाउज घालून, फोटोतल्यासारखा भांग पाडून त्या समोर उभ्या राहिल्या. "अवो, वळखलं का?"

म्हाताऱ्याचे डोळे एकदम चमकले. त्यांनी बोटांनी बाहीच्या चुण्या चाचपल्या. कौसल्याबाई आणखी जवळ सरकल्या.

"असाच शिवायचा न्हवं? बेस्तरवारी देतो. मापाला ह्यो ठेवून जावा, बाई."