वाकलेला गार्ड

खंडेनवमीला वर्कशॉपमधली हत्यारं धुऊन सतरंजीवर मांडत होतो, तेवढ्यात खडी वाहणाऱ्या दस्तगीरभाईंचा ट्रक आला. ट्रकच्या मागचा आडवा लोखंडी गार्ड मधोमध आत वाकला होता.

आता भांडण होणार, असं वाटलं. दोन महिन्यांपूर्वी मी तो बसवताना ते म्हणाले होते, "खाणीच्या चढावर घासेल, वीतभर वर घ्या." मी माझ्या कारच्या बंपरला टेप लावून उंची ठरवली होती. "मग दुसरीकडे जा," असं सरळ सुनावलं होतं.

दस्तगीरभाई खाली उतरले. "काल सिग्नलला एक कार मागून धडकली. बोनेट चुरलं, पण कार ट्रकखाली शिरली नाही. नवरा-बायको आणि मांडीवरचं लेकरू, तिघंही सुखरूप आहेत. नवा गार्ड बसवा. उंची तीच ठेवा."

"आज पूजा आहे, हत्यारं चालवत नाही. उद्या बसवतो."

ते पुन्हा ट्रकमध्ये चढले. वाकलेला गार्ड हातोडी-ग्राइंडरच्या रांगेत येईल, असा त्यांनी ट्रक रिव्हर्स घेतला. मग उतरून माझ्या पूजेच्या ताटातलं झेंडूचं फूल माझ्याच हातात दिलं.

"पहिलं याला वाहा."