वापरात असलेला ड्राइव्ह

संगणकावरच्या फायलींच्या यादीत, तारेनं जोडलेल्या ड्राइव्हच्या नावाशेजारी, तो सोडवायचा एक इवलासा बाण असतो. घाईत त्यावर बोट पडलं की ड्राइव्ह सुटलाच. कुमासी शहरात अंत्यविधीच्या चित्रफिती करून देणाऱ्या डुफीनं केलेलं एका म्हाताऱ्याच्या अंत्यविधीचं अख्खं चित्रीकरण असंच गेलं होतं. म्हणून कालच तिनं त्या बाणाला चाप लावला. आता ‘काढू का?’ असं विचारल्याशिवाय काही निघत नसे.

समोर काळं कापड नेसून पोकुआ मावशी बसल्या होत्या. नवऱ्याच्या अंत्यविधीची चित्रफीत न्यायला आल्या होत्या. डुफीनं बाण दाबला, ‘हो’ म्हटलं, तार काढली आणि ड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवला.

“निघाले एकदाचे!” मावशी हसल्या. “जिवंतपणी कधी वेळेवर निघाले नाहीत.”

यादीतलं नाव मात्र गेलं नव्हतं. डुफीनं पुन्हा बाण दाबला. पडद्यावर आलं: ‘काढता येत नाही. ड्राइव्ह वापरात आहे.’

“काय येडचाप यंत्र आहे! मावशी, ड्राइव्ह तर तुमच्याकडे आहे ना?”

मावशींनी मूठ कानाशी नेली होती. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“पोरी, ह्याच्या आत काहीतरी फिरतंय गं.”

डुफीनं टेबलावरच्या तारेकडे पाहिलं. तिची दोन्ही टोकं मोकळी होती.