पहिला नारळ

सोनू तांडेलांनी नारळ नव्या मालकीणबाईंपुढे धरला. जयगडच्या खाडीतून नवी होडी निघाली, की पहिला नारळ मालकानेच वाढवायचा. ही तर पाच डोलकाठ्यांची प्रवासी बोट. तिची शिडं बटण दाबलं की उघडत.

नऊ वर्षांपूर्वी पहिली कंपनी बुडाली, तेव्हा गोदीत नुसता लोखंडी सांगाडा उरला होता. कामगार पांगले. पहारेकरी म्हणून नेमलेले तांडेल तेवढे थांबले आणि तळात साचणारं पाणी उपसत राहिले. पुढे बाईंनी बोट विकत घेऊन पुरी केली. आज ती समुद्रात जाणार होती आणि तांडेलांचा पहारा संपणार होता.

"तुम्हीच वाढवा, तांडेल," बाई म्हणाल्या.

"नको बाय. मालकाचा हात लागला नाही, तर बोट रुसते."

"तळ गंजला असता, तर मी ही भंगारात काढणार होते. इतकी वर्षं कुणाचा हात लागला तिला?"

तांडेलांनी नारळ वाढवला, एक भकल खाडीत सोडलं आणि दुसरं बाईंच्या हातात ठेवलं.

"आता तू सांभाळ तिला, बाय," ते म्हणाले.